साउंड कार्ड चालू झालं की जुना पीसी अडकतो, काय करू?

गाणं लावताच मशीन अडकतं म्हणून लगेच नवं कार्ड घेऊ नका. आधी पेन ड्राइव्हवरून लिनक्स (विंडोजसारखीच दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम) चालवून तिथे गाणं लावा. नीट वाजलं तर घोळ विंडोजच्या ड्रायव्हरचा, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा. तो काढून कार्डाच्या मॉडेलचाच ड्रायव्हर टाका.

तिथेही अडकलं तर प्लग काढून कॅबिनेट उघडा. तुमचं घर सोलापुरात, तेही यंत्रमागांच्या शेजारी, म्हणून माझा पहिला संशय धुळीवर. चादरी-टॉवेलच्या सुताची तूस पंख्यात आणि पीसीआय स्लॉटमध्ये (कार्ड बसवायच्या खाचेत) गच्च बसते, त्यात उन्हाळ्यात पारा चाळिशीपार. कार्ड काढून सोनेरी पट्ट्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा, स्लॉट कोरड्या ब्रशने झाडा, कार्ड घट्ट बसवा. मदरबोर्डचं (पीसीच्या मुख्य बोर्डाचं) स्वतःचं साउंड बायोसमधून, म्हणजे पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमधून, बंद करा. कपॅसिटर (बोर्डावरचे छोटे नळकांड्यासारखे भाग) फुगलेले दिसले तर मात्र दुरुस्तीवाल्यालाच दाखवा.