आर्थिक मदत मागितल्यास अमेरिकेतील नामांकित विद्यापीठे प्रवेश नाकारतात का?

तुम्ही लिहिले आहे की तुम्ही इचलकरंजीत राज्य मंडळाच्या अकरावी विज्ञान शाखेत शिकता, वडिलांचे थोडे यंत्रमाग आहेत, घरचे वार्षिक उत्पन्न दहा लाखांच्या आत आहे, आणि एका सल्लागाराने तुम्हाला बजावले आहे की पदवीसाठी अर्ज करताना आर्थिक मदत मागू नका, आधी प्रवेश मिळवा, पैशांचे नंतर बघू. अगदी हाच सल्ला मला मिरजेत बारावीत असताना मिळाला होता आणि मी तो मानला होता, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

त्या सल्ल्याचा पहिला भाग काही विद्यापीठांपुरता खरा आहे. दुसरा भाग मात्र घातक आहे. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी आणि ॲमहर्स्ट ही परदेशी विद्यार्थ्यांच्या बाबतीतही 'नीड-ब्लाइंड' आहेत, म्हणजे निवड करताना अर्जदाराने मदत मागितली आहे की नाही हे विचारात घेतले जात नाही आणि निवड झाल्यावर, कुटुंबाला जेवढे परवडणार नाही असे हिशेबातून ठरते, तेवढी सर्व रक्कम विद्यापीठ देते. डार्टमथ आणि बोडिन यांनी 2022 मध्ये हेच धोरण स्वीकारले, आणि 2025 मध्ये दाखल झालेल्या तुकडीपासून ब्राउननेही ते लागू केले. या ठिकाणी मदत न मागून तुमचा काहीही फायदा होत नाही. प्रवेश अवघड आहे तो सर्वांसाठीच: 2024 मध्ये दाखल झालेल्या तुकडीसाठी हार्वर्डकडे 54,008 अर्ज आले आणि 1,937 जणांना प्रवेश देऊ करण्यात आला.

स्टॅनफर्ड, कोलंबिया यांसारखी विद्यापीठे मात्र परदेशी अर्जदाराची आर्थिक गरज निवडीच्या वेळी लक्षात घेतात. तेथे मदत मागितल्याने स्पर्धा अधिक कठीण होते हे खरे आहे, पण निवड झाली तर तीही पूर्ण गरज भागवतात. कॉर्नेलमध्ये भारतीय विद्यार्थ्यांसाठी टाटा शिष्यवृत्ती आहे, ती अवश्य पाहा. उलट बर्कलीसारख्या कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्याला गरजेनुसार मदत मिळत नाही, त्यामुळे तुमच्या उत्पन्नात त्यांच्यासाठी अर्जाचे शुल्क भरणेही मला योग्य वाटत नाही.

आता 'नंतर बघू' याविषयी. मी मदतीच्या रकान्यात 'नाही' लिहिले. मार्चअखेरीस एका चांगल्या विद्यापीठाचा होकार आला, घरी पेढे वाटले गेले, आणि आठवड्याभराने मी मदतीसाठी पत्र लिहिले तेव्हा उत्तर आले की ज्या परदेशी विद्यार्थ्याने अर्जासोबत मदत मागितलेली नाही त्याला पुढील चारही वर्षांत ती मागता येत नाही. हा नियम त्यांच्या संकेतस्थळावर आधीपासूनच होता आणि असाच नियम इतर अनेक विद्यापीठांतही आहे. वर्षाचा एकूण खर्च 80 हजार डॉलरच्या पुढे होता. बाबांनी घर गहाण ठेवण्याची तयारी दाखवली, तेव्हा मी स्वतःच नकार कळवला. ते वर्ष मी कोणत्याही पदवीला नाव न नोंदवता घरी राहून काढले, कारण इथे पूर्णवेळ पदवी सुरू केल्यास पुढचा अर्ज बदलीचा (दुसऱ्या महाविद्यालयातून मध्येच येणारा) विद्यार्थी म्हणून धरला जाण्याची शक्यता असते आणि त्या मार्गाने जागा व मदत दोन्ही फार कमी असतात. दुसऱ्या वर्षी सगळीकडे खरी परिस्थिती लिहिली. अकरा अर्जांपैकी दोन ठिकाणी होकार आला, त्यांपैकी एका लहान महाविद्यालयाने जवळजवळ सर्व खर्च उचलला आणि तेथेच मी शिकले.

गरजेचा हिशेब बहुतेक ठिकाणी 'सीएसएस प्रोफाइल' या अर्जावरून होतो. तो आई-वडिलांसोबत बसूनच भरा. व्यवसाय असलेल्या घरांत हमखास होणारी चूक म्हणजे उलाढालीलाच उत्पन्न समजणे. सूत, वीज, मजुरी आणि कर्जाचे हप्ते वजा करून उरणारी रक्कम आणि प्राप्तिकर विवरणपत्रातील आकडा यांत तफावत असेल तर ती स्पष्टीकरणाच्या जागेत साध्या शब्दांत लिहा. रकमा रुपयांत भरता येतात. लाखांची शून्ये मात्र दोनदा मोजा. मराठीतील कागदपत्रांना इंग्रजी अनुवाद जोडावा लागतो.

सॅट या प्रवेशासाठीच्या चाचणीबद्दल थोडक्यात: एमआयटी, हार्वर्ड, डार्टमथ आणि ब्राउन यांनी चाचणीचे गुण पुन्हा सक्तीचे केले आहेत, तेव्हा बारावीच्या सप्टेंबरपर्यंत ती परीक्षा होऊन जाऊ द्या.

राज्य मंडळाच्या विद्यार्थ्याची खरी अडचण याहून वेगळी असते आणि तिच्याविषयी सल्लागार बोलत नाहीत. अर्जाला नववी ते बारावी अशा चार वर्षांचे गुण लागतात. आपली नववी-दहावी एका शाळेत आणि अकरावी-बारावी दुसऱ्याच कनिष्ठ महाविद्यालयात झालेली असते, त्यामुळे दोन्हीकडून शिक्क्यासह गुणपत्रके घ्यावी लागतात. टक्केवारीचे अमेरिकी श्रेणीत स्वतः रूपांतर करू नका, जसे गुण आहेत तसेच लिहा. बारावीचा निकाल मे महिन्यात आणि तिकडचा निर्णय मार्चअखेरीस, म्हणून महाविद्यालयाकडून अपेक्षित गुणांचे पत्रही लागते, आणि ते बहुतेक कार्यालयांनी पूर्वी कधी दिलेले नसते. शिवाय दोन शिक्षकांची शिफारसपत्रे हवीत. शंभर-सव्वाशेच्या वर्गात, त्यातही हजेरी केवळ कागदावर असेल तर, कोणत्याही शिक्षकाला तुमच्याविषयी चार खरी वाक्ये लिहिता येणार नाहीत. म्हणून याच वर्षी दोन शिक्षकांच्या तासांना नियमित बसा, प्रश्न विचारा, प्रयोगवह्या त्यांना दाखवा. पत्र त्यांनीच लिहिलेले असावे, तुम्ही लिहून सहीला नेलेले नव्हे. कागदपत्रांची शंका असेल तर मुंबईच्या 'एज्युकेशनयूएसए' केंद्रात विचारा. ते अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या व्यवस्थेचा भाग आहे.

लवकरच्या फेरीची मुदत बहुतेक ठिकाणी 1 नोव्हेंबर असते आणि दिवाळीच्या सुट्टीत महाविद्यालयाचे कार्यालय अनेकदा नेमके त्याच सुमारास बंद असते, त्यामुळे सर्व सह्या-शिक्के पुढच्या वर्षी दसऱ्याच्या आधी हातात असू द्या.