साहेबांनी रजिस्टर मागितलं तर?

प्रश्न : वकीलताई, केज तालुक्यात माझं मेडिकल आहे. परवा पोलिस ठाण्यातून साध्या कपड्यात दोघं आले. ‘नशेच्या बटन गोळ्यांचा तपास चालू आहे, एच-वनचं रजिस्टर काढ, सहा महिन्यांच्या पानांचे फोटो घेतो,’ म्हणाले. कागद मागितला तर ‘उद्या आणतो’ म्हणून गेले. नाही म्हटलं तर दुकानावर बालंट येईल, हो म्हटलं तर गिऱ्हाइकांना तोंड कसं दाखवू? – एक औषध विक्रेता

उत्तर : दादा, कागद मागितलात हे फार चांगलं केलंत. उद्या आले तरी तेच मागा, आवाज न चढवता.

एच-वन म्हणजे ज्यांच्या विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागते अशा औषधांची सरकारी यादी. तिचं हे रजिस्टर 1 मार्च 2014 पासून सुरू झालं. सुरुवातीला यादीत 46 औषधं होती. लिहिणाऱ्या डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं एवढं लिहायचं आणि तीन वर्षं जपायचं. औषध निरीक्षक आले की ते पुढं करायचं. 1940 चा औषध कायदा त्यांना तो अधिकार देतो. त्या कायद्यात पोलिसांना ही मुभा नाही.

पोलिसांची वाट वेगळी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम 94 खाली ठाण्याचे प्रभारी अधिकारी तपासासाठी लागणारा दस्तऐवज लेखी आदेश काढून मागवू शकतात. अमली पदार्थांच्या 1985 च्या कायद्याचं कलम 42 जास्त कडक आहे. अधिकार दिलेला अधिकारी वॉरंटशिवायही झडती घेऊन कागद जप्त करू शकतो, पण तो शिपायाच्या वरच्या दर्जाचा हवा, मिळालेली खबर त्यानं लिहून काढायला हवी आणि 72 तासांत वरिष्ठांकडं पाठवायला हवी. अशी झडती आली तर आडवं जाऊ नका. पंचनाम्याची प्रत मागा. झडतीचं चित्रीकरण करणं आता पोलिसांवर बंधनकारक आहे, तेही आठवण करून द्या.

पण खिशातल्या मोबाइलवर सहा महिन्यांची पानं टिपून नेणं यातल्या कशातच बसत नाही.

मी एवढं आग्रहानं का सांगते? 2017 मध्ये आईला टीबी झाला. लातूरला एका दुकानात तिची औषधं घेत होते. दुकानदार रजिस्टरमध्ये लिहीत होता, पान माझ्याकडं उघडं होतं. आईच्या नावापुढं रिफॅम्पिसिन. त्याच्याच वरच्या ओळीत अल्प्राझोलाम या झोपेच्या औषधाच्या दहा गोळ्या आणि आमच्या गल्लीतल्या एका सरांचं नाव. दोन मिनिटं काउंटरला उभी राहिले आणि त्या घरातली झोप उडाल्याचं मला कळलं. मला ते कळायला नको होतं. लोक बटन गोळ्यांचं रजिस्टर म्हणतात, पण टीबीची औषधं त्याच यादीत आहेत. आपल्याकडं टीबी म्हटलं की अजून सोयरीक मोडते हो. तपास एका पोराचा, आणि फोटोत येते कुणाची तरी लग्नाची लेक.

अमेरिकेत अशा नोंदी राज्याच्या संगणकात एकत्र असतात. 2013 मध्ये युटा राज्यात रुग्णवाहिकांमधलं मॉर्फिन गायब झालं, म्हणून एका पोलिस अधिकाऱ्यानं अग्निशमन दलाच्या 480 जणांच्या औषधांच्या नोंदी वॉरंट नसताना चाळल्या. दोघांवर खटले भरले गेले, तेही मॉर्फिन चोरल्याचे नव्हे, स्वतःच्या गोळ्यांवरून; ते टिकले नाहीत. पुढं 2015 मध्ये त्या राज्यानं पोलिसांना वॉरंट सक्तीचं केलं. आपल्या सर्वोच्च न्यायालयानंही 2004 मध्ये बँकेच्या प्रकरणात म्हटलंय की कागद दुसऱ्याकडं ठेवला म्हणून माणसाचा खासगीपणा संपत नाही. 2017 मध्ये तर नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्कच ठरवला.

तेव्हा लेखी आदेश आला की त्यात गुन्हा क्रमांक, कोणाचं नाव किंवा कोणतं औषध आणि कोणत्या तारखा, हे बघा. तेवढ्याच ओळींची प्रत सही-शिक्क्यानिशी द्या आणि पोच घ्या. ‘सगळं द्या’ असं लिहिलेलं असेल तर देण्याआधी वकिलाला दाखवा. नेहमीच्या औषध निरीक्षकांनाही त्याच दिवशी लेखी कळवून ठेवा.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर अल्प्राझोलाम घेते. माझं नाव रजिस्टरमध्ये आहे म्हणून मी संशयित ठरते का? – एक वाचक, लातूर

उत्तर : नाही ताई, अजिबात नाही. स्वतःच्या उपचारासाठी एका वेळी 100 मात्रांपर्यंत अशी गोळी जवळ बाळगायला नियमच परवानगी देतो. दीर्घ उपचारासाठी डॉक्टरांनी तसं खास लिहून दिलं असेल तर 300 पर्यंत. चिठ्ठी पाकिटासोबतच ठेवा. आणि लाजून गोळी अचानक बंद करू नका, त्यानं त्रास वाढतो. कमी करायची असेल तर डॉक्टरांना विचारूनच.