पडद्यावर लाल आणि हिरवा मिळून पिवळा होतो, मग पोस्टर कलरमध्ये मातकट का होतो? खरे मूळ रंग कोणते?

तुमचा मातकट तपकिरीही बरोबर आहे आणि पडद्यावरचा पिवळाही बरोबर आहे. चुकीचं आहे ते ‘लाल, पिवळा, निळा हे मूळ रंग’ हे लहानपणी घोकून घेतलेलं वाक्य. या वाक्यावरून चित्रकला शिकवणाऱ्यांशी माझा जुना वाद आहे, त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

आधी एक प्रयोग करा. सारख्या ताकदीचे दोन टॉर्च घ्या, एकावर लाल जिलेटिन कागद आणि दुसऱ्यावर हिरवा लावा. अंधाऱ्या खोलीत पांढऱ्या भिंतीवर दोन्ही झोत एकमेकांवर पाडलेत की मधे पिवळा दिसेल. आता तेच दोन कागद एकाच टॉर्चवर एकावर एक लावा. भिंत जवळजवळ काळी राहील. कागद तेच, उत्तरं दोन. पहिल्या वेळी लाल आणि हिरवा असे दोन्ही उजेड डोळ्यात आले, म्हणजे बेरीज झाली. दुसऱ्या वेळी लाल कागदाने हिरवा आणि निळा उजेड गिळला, आणि उरलेला लाल हिरव्या कागदाने गिळला. ही वजाबाकी. रंग कालवता तेव्हा ही दुसरी गोष्ट घडते: उजेड थरात शिरतो, दोन्ही रंगद्रव्यांच्या कणांमधून फिरतो आणि दोघांच्या तावडीतून सुटेल तेवढाच बाहेर येतो.

पिवळा नारिंगीकडे झुकला तर लाल टॉर्च मागे न्या. अंतर दुप्पट केलं की भिंतीवरचा उजेड साधारण चौथाई होतो, म्हणून चार बोटं सरकवूनही फरक दिसतो. एकावर एक लावल्यावर काळ्याऐवजी मंद तपकिरी दिसला तर कागद पातळ आहे आणि नको तो उजेड गळतोय. प्रत्येक रंगाचे दोन पदर लावा.

पडद्यावरच्या पिवळ्यात पिवळा उजेड जवळपास नसतोच. पूर्ण पिवळं चित्र लावून पडद्यावर पाण्याचा बारीक थेंब ठेवा. थेंब भिंगाचं काम करतो आणि लाल व हिरवे ठिपके पेटलेले, निळे विझलेले दिसतात. डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी तीन प्रकारच्या. त्यातल्या दोन, साधारण ५६० आणि ५३० नॅनोमीटरला सर्वाधिक प्रतिसाद देणाऱ्या, एकत्र चेतल्या की मेंदू पिवळा म्हणतो. सोडियम दिव्याचा ५८९ नॅनोमीटरचा खराखुरा पिवळा उजेडही त्याच दोन पेशी चेतवतो, म्हणून डोळ्याला फरक कळत नाही. उजेडाचं मिश्रण डोळ्यात होतं, रंगाचं मिश्रण डोळ्यापर्यंत पोहोचायच्या आधीच झालेलं असतं. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने १८५२ मध्येच या दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवल्या होत्या. पाठ्यपुस्तकांनी त्या पुन्हा एकत्र का कालवाव्यात, मला कळत नाही.

आता निळा जिलेटिन लावलेला तिसरा टॉर्च आणा. तिन्ही झोत जुळले की भिंत पांढरी होईल. टॉर्च वीतभर अंतराने ठेवा आणि भिंतीपासून थोडी दूर एक पेन्सिल उभी धरा. तीन सावल्या पडतील आणि तिन्ही रंगीत असतील. लाल टॉर्च अडला तिथे हिरवा आणि निळा उरतात, ती सावली सायन, म्हणजे हिरवट आकाशी. हिरवा अडला तिथे मॅजेंटा, म्हणजे राणी रंग, निळा अडला तिथे पिवळी. रंगद्रव्याचे मूळ रंग तुमच्यासमोर भिंतीवर आले: सायन लाल गिळतो, मॅजेंटा हिरवा गिळतो, पिवळा निळा गिळतो. छपाईची शाई याच तिघांची असते. उजेडाचे तीन आणि शाईचे तीन हे दोन वेगळे नियम नाहीत, एकाच हिशोबाच्या दोन बाजू आहेत.

आता माझ्या वादाचा मुद्दा. ‘लाल अधिक निळा बरोबर जांभळा’ हे करून बघाच. शेंदरी झाकीचा लाल, म्हणजे कॅडमियम किंवा व्हर्मिलियन छटा, आणि अल्ट्रामरीन निळा समसमान घ्या. वांगी रंगाचा चिखल होईल. कारण असा लाल रंग निळा उजेड जवळपास पूर्ण गिळतो आणि निळा रंग लाल उजेड बहुतेक गिळतो. परत यायला उरतं काय? यात हात कच्चा असल्याचा प्रश्नच नाही. याउलट क्विनाक्रिडोन मॅजेंटा, ज्याच्या ट्यूबवर पीआर १२२ हा रंगद्रव्याचा कोड लिहिलेला असतो, तो मुख्यतः हिरवाच गिळतो. याचे दहा भाग घ्या आणि थॅलो निळ्याचा, म्हणजे पीबी १५:३ चा (हाच आपला सायन), एकच भाग ब्रशच्या टोकाने थोडा थोडा मिसळत जा. थॅलो फार जोरकस असतो, एकदम घातलात तर मॅजेंटा गायब. दोन्ही पारदर्शक असल्यामुळे थाळीत मिश्रण काळपट वाटेल. कागदावर पातळ पसरा किंवा थोडा टिटॅनियम पांढरा घाला, मग स्वच्छ जांभळा उघडतो. पांढरा जास्त झाला तर खडूसारखा फिका पडतो.

पुढे, याच मॅजेंटात लिंबू पिवळा (लेमन यलो), पीवाय ३, घातलात की लाल तयार होतो. सायनमध्ये मॅजेंटा वाढवत नेलात की निळा तयार होतो. जे दुसऱ्यांपासून बनतं ते मूळ कसं? आणि लाल-निळ्यापासून सायन किंवा झळझळीत मॅजेंटा बनवून दाखवा, बनत नाही.

बाजूची गोष्ट सांगतो: तिन्ही शाया मिळूनही काळा होत नाही, गडद तपकिरी होतो, कारण खरी शाई आपल्या वाट्याचा उजेड पूर्ण गिळत नाही आणि दुसऱ्याच्या वाट्याचाही थोडा गिळते. म्हणून छपाईत चौथी काळी शाई लागते.

याच कारणाने माझंही म्हणणं थोडं सैल करायला हवं. मॅजेंटा-पिवळ्याचा लाल कॅडमियमइतका तेजस्वी नसतो आणि सायन-मॅजेंटाचा निळा अल्ट्रामरीनपेक्षा मंद पडतो. कोणत्याही तीन रंगद्रव्यांतून सगळे रंग मिळत नाहीत. त्वचेच्या आणि मातीच्या छटांसाठी लाल, पिवळा, निळा पुरतात, उलट तिथे तो मंदपणा उपयोगी पडतो. त्यामुळे शक्य असेल तर सहा ट्यूब ठेवा: वरचे तिघे, शिवाय कॅडमियम लाल, अल्ट्रामरीन आणि एक उबदार, म्हणजे नारिंगीकडे झुकणारा, पिवळा. घेताना झाकणावरचं नाव बघू नका, मागचा रंगद्रव्याचा कोड बघा. ‘मॅजेंटा’ नावाखाली कधी कधी दोन-तीन कोडांचं मिश्रण भरलेलं असतं, आणि ते मिसळलंत की पुन्हा तुमचा मातकट तपकिरीच हाती येतो.