काकडू ते उलुरू: पहिल्यांदाच जाताय ना?

उत्तरेच्या काकडू राष्ट्रीय उद्यानापासून मधल्या वाळवंटातल्या उलुरू या प्रचंड खडकापर्यंतची ऑस्ट्रेलियाची ही ग्रुप टूर मे ते सप्टेंबरमध्येच घ्या. तिथल्या पावसाळ्यात, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, काकडूतले बरेच रस्ते पाण्याखाली जातात. बुकिंगच्या वेळी आधी विचारा, काकडूतल्या यलो वॉटर या पाणथळीची बोटफेरी पहाटेची आहे का? दुपारची असेल तर बदलून मागा. सकाळी कमळाच्या पानांवरून लांबलचक बोटांनी तुरुतुरु चालणारा जकाना पक्षी अगदी जवळून दिसतो, आणि काठच्या चिखलात ओंडक्यासारखी पडलेली मगरही. बोटीबाहेर हात काढायचा नाही. कुठल्याही पाण्यात उतरण्याआधी गाइडला विचारा, भीड बाळगू नका.

उत्तरेकडचं डार्विन शहर ते वाळवंटातलं अ‍ॅलिस स्प्रिंग्ज सुमारे १५०० किलोमीटर आहे, तेव्हा बसप्रवासाची तयारी ठेवा. वाळवंट म्हणून नुसते सुती कपडे भराल तर पस्तावाल. जून-जुलैत तिथे हिवाळा असतो, रात्री पारा शून्याच्या आसपास उतरतो. स्वेटर, कानटोपी हवीच. माश्यांसाठी टोपीवरची जाळीही घ्या.

उलुरूवर चढणं ऑक्टोबर २०१९ पासून बंद आहे, आणि ते योग्यच झालं. तिथल्या मूळ रहिवासी अनंगू लोकांची ती पवित्र जागा आहे. पायथ्याची सुमारे १० किलोमीटरची फेरी मात्र ऊन चढायच्या आत पूर्ण करा. काही ठिकाणी फोटो काढू नका अशा पाट्या आहेत, तिथे मोबाइल खिशातच राहू द्या.