जठराच्या कॅन्सरमध्ये केमोऐवजी अळंबीच्या कॅप्सूल चालतील का?

तुमचा प्रश्न असा : वडिलांना जठराचा कॅन्सर आहे, केमो सुरू आहे आणि ओळखीतले लोक ‘केमो सोडा, रेशी अळंबीच्या कॅप्सूल द्या’ असा आग्रह धरताहेत, काय करावं?

केमो अजिबात सोडू नका. बाकीचं सगळं यानंतर.

अळंबीत औषध आहे, हे खरंच आहे. जपानमध्ये तिच्यापासून काढलेल्या दोन औषधांना सरकारी मान्यता मिळाली : ट्रॅमेटिस व्हर्सिकलर या अळंबीपासूनचं पीएसके १९७७ साली आणि शिताके या अळंबीपासूनचं लेंटिनान १९८५ साली. जठराच्या कॅन्सरमध्ये दोन्ही वापरली गेली, पण केमोच्या जोडीने. पीएसके दिवसाला ३ ग्रॅम पोटातून. लेंटिनान आठवड्याला जेमतेम २ मिलिग्रॅम, तेही शिरेतून. त्यामुळे शिताकेची पूड गिळली की लेंटिनानचं इंजेक्शन घेतल्यासारखंच, हा हिशेब चुकीचा आहे.

यातलं मुख्य द्रव्य बीटा-ग्लुकान. आपल्या काही पांढऱ्या पेशी त्याला बुरशीची खूण म्हणून ओळखतात आणि सावध होतात. म्हणजे मदत होते ती प्रतिकारशक्तीला; गाठ आटवायचं काम केमोचंच.

रेशीबद्दलच्या चाचण्यांचा कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने आढावा घेतला, त्यात ५ चाचण्या आणि ३७३ रुग्ण होते. केमो किंवा रेडिएशनसोबत रेशी दिल्यावर प्रतिसाद थोडा बरा दिसला, पण तिला मुख्य उपचार म्हणावं इतका पुरावा मिळाला नाही. माझंही मत तेच आहे.

जोडीला द्यायचीच असेल तर बाटली घेऊन आधी ऑन्कॉलॉजिस्टकडे (कॅन्सरच्या डॉक्टरांकडे) जा. वडील वॉरफेरिन किंवा क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ ठेवणारी औषधं घेत असतील, किंवा केमोने प्लेटलेट्स उतरल्या असतील, तर रेशीने रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. ऑपरेशन ठरलं असेल तर निदान दोन आठवडे आधी बंद. रेशीच्या पुडीने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, म्हणून एसजीपीटी (यकृताची रक्ततपासणी) तपासत राहा. चागा ही दुसरी अळंबी तर नकोच, तिच्यातल्या ऑक्झलेटमुळे मूत्रपिंडं निकामी झालेली आहेत.

आता बाटलीत काय असतं तेही बघा. एफएसएसएआयचा १४ आकडी क्रमांक म्हणजे खाद्यपदार्थाचा परवाना, औषधाचा नव्हे. पुष्कळ मालात अळंबी नसतेच. धान्यावर वाढवलेले बुरशीचे तंतू धान्यासकट दळलेले असतात, म्हणजे बराचसा स्टार्च. घरी तपासता येतं. एका कॅप्सूलची पूड अर्धा कप पाण्यात पाच मिनिटं उकळा, गाळा, पूर्ण गार होऊ द्या आणि पोव्हिडोन आयोडीनचे (जखमेवर लावायच्या तपकिरी औषधाचे) दोन-तीन थेंब टाका. पाणी काळं-निळं झालं तर धान्य आहे. तपकिरीच राहिलं तर स्टार्च नाही. गरम पाण्यात हा रंग उमटत नाही, तिथेच लोक फसतात. तपकिरी रंग आला म्हणून आत रेशीच आहे असं मात्र सिद्ध होत नाही. लेबलवर ‘पॉलिसॅकराइड ४० टक्के’ लिहिलेलं असेल तर त्यात बीटा-ग्लुकानबरोबर स्टार्चही मोजला जातो, कारण दोन्ही पॉलिसॅकराइडच. बीटा-ग्लुकानचा आकडा वेगळा दिलेला हवा.

जेवणात धिंगरी किंवा बटन अळंबी खुशाल द्या, पण पूर्ण शिजवूनच. पांढऱ्या पेशी कमी असताना कच्ची अळंबी सॅलडमध्येही नको. शिताके अर्धवट शिजली तर काहींच्या अंगावर चाबकाच्या वळांसारखे लाल पट्टे उठतात आणि ते केमोचं रिॲक्शन समजलं जाऊ शकतं. तसं दिसलं तर आदल्या दोन-तीन दिवसांत काय खाल्लं तेही डॉक्टरांना सांगा.