शब्दांच्या जाती घरी शिकवताना

प्रश्न : आमची मुलगी साडेनऊ वर्षांची असून आम्ही तिला घरीच शिकवतो. पुढे तिला मुक्त विद्यालय मंडळाची पाचवीची परीक्षा देता यावी, असा विचार आहे. शब्दांच्या आठही जाती तिला व्याख्यांसह तोंडपाठ आहेत. परंतु ‘सकाळी पळणे चांगले असते’ यातील ‘पळणे’ तिने क्रियापद ठरवले आणि ‘ती गोड गाते’ यातील ‘गोड’ विशेषण. कोठे चुकत आहे? — एक आई, नाशिक

उत्तर : उत्तरे चुकली असली, तरी मुलीने पाठ केलेली व्याख्या इमानाने लावली आहे. क्रिया दाखवतो तो शब्द क्रियापद, एवढेच तिच्या लक्षात राहिले असेल, तर ‘पळणे’ हे क्रियापद नाही असे तिने का म्हणावे? व्याख्येचा उरलेला भाग, म्हणजे क्रियापदाने वाक्य पूर्ण होते हा, पाठांतरात बहुधा मागे पडतो. वाक्य पूर्ण करण्याचे काम येथे ‘असते’ करते. ‘पळणे’च्या जागी ‘दूध’ ठेवले तरी वाक्य बिघडत नाही, शिवाय ‘पळण्याने दम लागतो’ असा विभक्तिप्रत्ययही त्याला लागतो. म्हणून ते नाम, व्याकरणाच्या परिभाषेत धातुसाधित नाम, म्हणजे क्रियापदाच्या मूळ रूपापासून (‘पळ’पासून) बनलेले नाम.

तेव्हा सुटे शब्द देऊन त्यांची जात विचारणे काही काळ पूर्ण बंद ठेवावे आणि मुलीनेच लिहिलेल्या चार ओळी घ्याव्यात. वाक्य कोणत्या शब्दाने पूर्ण होते हे तिने आधी शोधावे, मग ‘कोण?’ आणि ‘काय?’ विचारून नामांकडे यावे. ‘गोड’ हा एकच शब्द तीन वाक्यांत ठेवून पाहण्याजोगा आहे : ‘गोड आंबा’ येथे तो आंब्याविषयी सांगतो म्हणून विशेषण, ‘ती गोड गाते’ येथे गाण्याची रीत सांगतो म्हणून क्रियाविशेषण, आणि ‘आजोबांना गोड चालत नाही’ येथे चक्क नाम. ‘तो आला’ आणि ‘तो मुलगा आला’ ही जोडीही अशीच आहे. पहिल्यात ‘तो’ नामाऐवजी येतो, दुसऱ्यात नामाला चिकटून विशेषणाचे काम करतो.

विकारी-अविकारी, म्हणजे रूप बदलणारे शब्द आणि न बदलणारे शब्द (अव्यये), हा भेद मात्र घाईने शिकवू नये. क्रियाविशेषण अव्यय असते असे पाठ करून घेतल्यावर मुलगी ‘तो चांगला गातो, ती चांगली गाते’ ही वाक्ये पुढे करील आणि तिची शंका रास्त असेल, कारण येथे रूप खरोखरच बदलते. आठ जातींची ही चौकट दादोबा पांडुरंग तर्खडकरांच्या १८३६ मधील व्याकरणापासून मराठीत रुळली, ती इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर. त्याच्या कितीतरी आधी यास्क या प्राचीन संस्कृत शब्दशास्त्रज्ञाने ‘निरुक्त’ या ग्रंथात नाम, आख्यात (क्रियापद), उपसर्ग आणि निपात (‘च’, ‘वा’ यांसारखी अव्यये) असे चारच वर्ग सांगितले होते. चौकट माणसांनी आखलेली आहे, त्यामुळे काही शब्द तिच्या कडेवर पडणारच, हे मुलीला सांगायला हरकत नाही.

उभयान्वयी आणि केवलप्रयोगी अव्ययांना फारसा वेळ लागत नाही. ‘पण’, ‘म्हणून’, ‘अरेरे’, ‘शाबास’ मुले लगेच ओळखतात. शब्दयोगी अव्ययासाठी ‘मागे बघ’ आणि ‘घरामागे विहीर आहे’ ही वाक्ये शेजारी लिहावीत आणि दुसऱ्यात ‘मागे’ कोणत्या शब्दाला जोडून आला, तेवढेच विचारावे.