जुन्या कार कंपन्यांना इलेक्ट्रिककडे वळायला इतका वेळ का लागतो?

पैसा, इंजिनिअर, कारखाने सगळं असताना नेमकं अडतं कुठे, असं तुम्ही विचारलंय. मोटर बनवणं त्यांना जड नाही. अडतं ते सुटे भाग विकत घेण्याच्या जुन्या पद्धतीत.

फोर्डने टेस्लाची मॉडेल ३ खोलून पाहिली, तेव्हा आपल्या मस्टँग मॅक-ई या इलेक्ट्रिक गाडीच्या हार्नेसमध्ये (वायरिंगच्या जाळ्यात) १.६ किलोमीटर वायर जास्त असल्याचं कळलं. जादा वजन ७० पौंड, म्हणजे सुमारे ३२ किलो. पेट्रोल गाडीत एवढं वजन खपून जातं. इलेक्ट्रिकमध्ये तेवढीच रेंज (एका चार्जमध्ये कापता येणारं अंतर) द्यायला बॅटरी वाढवावी लागते. फोर्डचे सीईओ जिम फार्ली यांच्या हिशेबाने त्याचा खर्च गाडीमागे ३०० डॉलर.

एवढी वायर आली कुठून? सीट, दार, ब्रेक अशा प्रत्येक गोष्टीचा कंट्रोलर वेगळा, पुरवठादारही वेगळा. फार्लींच्याच सांगण्यानुसार गाडीत असे सुमारे १५० मॉड्यूल असतात, आणि त्यातलं सॉफ्टवेअर ज्या त्या पुरवठादाराचं. सीटच्या कंट्रोलरमधला कोड बदलायचा तरी बॉशसारख्या पुरवठादाराची परवानगी लागते! एरवी ही पद्धत स्वस्त पडते. पण गाडी विकल्यानंतर अपडेट देऊन रेंज किंवा चार्जिंगचा वेग सुधारायचा असेल, तर बॅटरी, कूलिंग आणि इन्व्हर्टर (बॅटरीची वीज मोटरला चालेल अशी बदलणारा भाग) यांचा कोड आपल्या हातात हवा.

नुसता पैसा ओतून हे सुटत नाही. फोक्सवॅगनने त्यासाठी कॅरिअ‍ॅड ही वेगळी सॉफ्टवेअर कंपनी उभी केली, तरी त्यांच्याच समूहातल्या पोर्शची ‘मकान’ ही इलेक्ट्रिक गाडी रखडलीच. शेवटी २०२४ मध्ये त्यांनी रिव्हियन या इलेक्ट्रिक गाड्यांच्या नवख्या कंपनीशी अब्जावधी डॉलरचा करार केला.

दुसरं कारण ताळेबंदातलं. २०२३ मध्ये फोर्डच्या इलेक्ट्रिक विभागाला ४.७ अब्ज डॉलर तोटा झाला. त्याच वर्षी व्यावसायिक वाहनांच्या विभागाने ७.२ अब्ज कमावले. अशा वेळी संचालक मंडळ कुठल्या विभागाला आधी पैसे देईल? अमेरिकेतल्या डीलरांची बरीच कमाई सर्व्हिसिंगवर चालते, त्यामुळे ऑइल बदलावं न लागणारी गाडी विकायला तेही फारसे उत्सुक नसतात.

यातली पळवाट म्हणजे पेट्रोल गाडीच्याच सांगाड्यात बॅटरी बसवणं. टाटांनी २०२० मध्ये नेक्सॉन ईव्ही अशीच आणली, आणि माझ्या मते तेव्हा ते शहाणपणाचंच होतं: खर्च कमी, गाडी लवकर बाजारात. तोटा असा की बॅटरीला सलग सपाट जागा मिळत नाही. महिंद्राने चाकणमध्ये बनणाऱ्या बीई ६ या इलेक्ट्रिक गाडीसाठी इंग्लो हा नवा प्लॅटफॉर्म (सांगाडा) केला, पण त्यातले बॅटरीचे सेल चीनच्या बीवायडी कंपनीचे. सेल बाहेरून घ्यायचे म्हटलं की गाडीतल्या सगळ्यात महाग भागाचा दर दुसऱ्याच्या हातात जातो.

शोरूममध्ये गेलात तर मागच्या सीटसमोरची जमीन बघा. मधोमध उंचवटा असेल, तर बहुधा सांगाडा मूळचा पेट्रोल गाडीचा.